वैशाखातली रजई

घाटंजीच्या पिंजार गल्लीत थंडी आधी कानाला कळायची, मग अंगाला. दसरा सरला की बशीर कापूस पिंजायची आपली धनुकली ओट्यावरच्या आड्याला टांगायचा आणि लाकडी दस्त्यानं तिच्या ताणलेल्या तातीवर पहिला ठोका हाणायचा. तुंई... तुंई... असा आवाज पार बाजारापर्यंत जायचा, आणि वर्षभर दबून दगड झालेल्या गाद्या-रजया डोक्यावर घेऊन बाया निघायच्या. ओट्याच्या दुसऱ्या टोकाला त्याची बायको हुस्नाबी दाभण-दोरा घेऊन बसलेली असे. नवऱ्यानं कापूस पिंजायचा, बायकोनं तो खोळीत भरून शिवायचा. संध्याकाळपर्यंत दोघांचे केस, भुवया, पापण्या पांढऱ्याफटक होत. "म्हातारपणी आपुन असे दिसू," बशीर म्हणायचा. "तुमी दिसान," हुस्नाबी म्हणायची, "मी मेंदी लावीन."

मेंदी लावायची वेळ आली तेव्हा बशीर घरी नव्हता. तो जेलमध्ये होता. त्याच्यावर खटला चालू आहे असं म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणायचं. चालत काहीच नव्हतं.

झालं होतं असं. कापसाचे ते वाईट दिवस. खरेदी केंद्रांवर बैलगाड्यांच्या रांगा, मापं बंद, आणि मापं सुरू झाली की कापूस पिवळट म्हणून भाव पाडलेला. बाजूच्या तालुक्यातल्या एका केंद्रावर एक दिवस लोकांचा धीर सुटला. दगड आले, मागून लाठ्या आल्या. बशीरचा त्या भांडणाशी काडीचा संबंध नव्हता. तो तिथल्या जिनिंगमधून रुई आणायला गेला होता, आणि वाटेतल्या गावांतून चार गाद्या पिंजाव्यात म्हणून धनुकली सोबत नेली होती. सगळे पळाले. तोही पळाला असता, पण माणसाहून उंच धनुकली खांद्यावर घेऊन पळता येत नाही, आणि ती टाकून पळावं हे त्याच्या डोक्यात आलंच नाही. बापाची होती ती. एका पोलीस शिपायाचं डोकं फुटलं होतं आणि बशीरच्या हातात दस्ता होता. एवढं पुरलं. पंचनाम्यात दस्त्याचं 'लाकडी हत्यार' झालं. धनुकली मुद्देमाल म्हणून पोलिसांच्या मालखान्यात गेली आणि बशीर जेलात.

कोर्टानं जामीन नाकारला असता तर एक वेळ समजलं असतं. जामीन मंजूर होता, तोच खरा छळ. फक्त कुणीतरी जमीनवाल्यानं आपला सातबारा घेऊन जामीनदार म्हणून उभं राहायचं होतं. पिंजाऱ्याच्या घरात कुठला सातबारा? पण ज्यांच्या गाद्या बशीरनं जन्मभर पिंजल्या ते शेतकरी आपणहून आले. तांड्यावरचा देवसिंग आला, उकंडा आला, आणखीही आले. पण एकेकाच्या सातबाऱ्यावर बँकेचा नाही तर सोसायटीचा बोजा चढलेला. कोर्टानं कागद परत केले. देवसिंगला कोर्टाच्या पायरीवर मान वर करवेना.

"भाभी, वावर माहं हाय, पन ते माह्यासाठीच बोलत नाही आता," तो म्हणाला. "तुमच्या घरधन्यासाठी कसं बोलंन?"

हुस्नाबीनं त्याला टपरीवर चहा पाजला आणि गावाला धाडलं. त्याच्यावर राग धरायला तिला जमलं नाही. राग धरायला समोर कुणीतरी लागतं, आणि इथं समोर नुसत्या तारखा होत्या. साक्षीदार शिपायाची बदली झाली म्हणून तारीख, सरकारी वकील नाहीत म्हणून तारीख. अशात बरेच हिवाळे गेले.

ती भेटीला जायची. जाळीच्या अलीकडून आणि पलीकडून सगळे एकदमच ओरडत, त्यामुळे बसमध्ये जुळवून ठेवलेलं सगळं बोलणं राहून जायचं. "जेवता का?" ती ओरडायची. "रुबीना कशी हाय?" तो ओरडायचा. मग वेळ संपायची. येताना ती खिडकीत बसून उरलेलं बोलणं मनातल्या मनात त्याला सांगत यायची, आणि त्याची उत्तरंही स्वतःच द्यायची. ती उत्तरं फार गोड असत. खरा बशीर इतका गोड कधी बोलला नव्हता.

रुबीना, त्यांची मुलगी, बाप जेलात गेला तेव्हा मांडीवर बसायची; आता ती शाळेत सलवार-कमीज घालून जायची. एकदा तिनं सहज विचारलं, "अम्मी, अब्बाची धनुकली कशी वाजे?" हुस्नाबीनं तोंड उघडलं आणि तिला तो आवाज काढता येईना. तुंई म्हणून पाहिलं, टुंई म्हणून पाहिलं. पोरगी हसायला लागली. आवाज कानात लख्ख होता, जिभेवर येत नव्हता. भाकरी तव्यावर करपेपर्यंत हुस्नाबी चुलीपुढे रडत बसली. नवऱ्याचं तोंड नाही, हात नाही, तो आवाजच तिला हवा होता.

पोटापाण्याचं भागत होतं. बाजारात पिंजायची मशीन आली होती. तिथून कापूस पिंजून आणायचा आणि शिवून द्यायचा. फक्त एक रजई तिनं मशीनवर नेली नाही. ती बशीरची. पिंजाऱ्याच्या घरच्या रीती असतात. पिंजाऱ्याची स्वतःची रजई दुसऱ्या कुणी पिंजायची नाही, ही एक. दुसरी याहून कडक: उसवलेली रजई दिवस मावळायच्या आत शिवून टाकायची. उघड्या कापसावर रात्र गेली तर ज्याची रजई त्याची झोप उडते. बशीरची आई हे शपथेवर सांगायची. त्यामुळे बशीरची रजई पेटीवर घडी घालून पडली होती. आतल्या कापसाच्या गठळ्या झाल्या होत्या, हात फिरवला की खडे लागायचे. हुस्नाबी रोज हात फिरवायची.

आता संसदेचं. तुम्ही म्हणाल, पिंजाऱ्याच्या बायकोला दिल्लीच्या संसदेशी काय करायचं आहे? पण त्या वर्षी घाटंजीत खासदारांची भाषणं इतक्या जीव लावून ऐकणारं दुसरं कुणी असेल असं वाटत नाही.

श्रीकृष्ण नाझर म्हणजे कोर्टात नाझर म्हणून जन्म काढलेले आणि आता निवृत्त झालेले गृहस्थ. बायको शीलाबाई. हुस्नाबी त्यांच्या गाद्या शिवायला गेली होती. नाझरसाहेब पेपर वाचता वाचता थांबले.

"हुस्नाबी, ऐक. पोलीस आणि फौजदारी कायदा सुधारायचं विधेयक आलंय दिल्लीत. त्यात एक कलम आहे. गुन्ह्याला जास्तीत जास्त जेवढी शिक्षा, तिच्या निम्मा काळ खटला न संपता आत गेला असेल, तर त्या माणसाला जातमुचलक्यावर सोडायचं."

"म्हंजे कोनाचा सातबारा लागन?"

"कुणाचाच नाही. तो स्वतःच स्वतःची हमी देणार. त्याच्या शब्दावर."

हुस्नाबीच्या हातातली दाभण जिथल्या तिथं राहिली. बशीरचा निम्मा काळ कधीच उलटून गेला होता.

त्या दिवसापासून शीलाबाईंच्या घरातल्या गाद्या, उशा, तक्के, सोफ्याच्या उशा, सगळं काही दुरुस्तीला निघालं. उसवलेलं नसेल ते हुस्नाबीनं उसवलं. अधिवेशनाच्या दिवसांत ती दुपारी टीव्हीपुढे बसून टाके घाली आणि सभागृह बघे. शीलाबाईंची मालिका बुडायची. त्या कुरकुरायच्या आणि दोघींसाठी चहा टाकायच्या.

सभागृह म्हणजे तिला आधी काहीतरी दर्ग्यासारखं वाटलं होतं. बघितलं तर निम्मी बाकं रिकामी. एक जण म्हणाला, पोलिसांचा कायदा इंग्रजांच्या वेळचा आहे, तो बदला. दुसरा म्हणाला, शिपायाला ना झोप ना सुट्टी, तो माणसाशी माणसासारखा वागणार कसा? हे हुस्नाबीला पटलं. डोकं फुटलेल्या त्या शिपायाच्या घरीही कुणी वाट पाहिलीच असेल. तिसरा तावातावानं म्हणाला, गुन्हे वाढलेत, जामीनच बंद करा. त्याला तिनं टीव्हीसमोरच हिंदीत दोन शब्द सुनावले. राग आला की ती हिंदीवर जायची. मग कसल्या तरी वेगळ्याच कारणावरून गोंधळ झाला, सगळे मध्ये धावले आणि कामकाज दुसऱ्या दिवसावर गेलं.

"उद्या?" हुस्नाबी ताडकन उठली. "ह्यायची वाट पाहनारं घरी कोनी नाही काय?"

नाझरसाहेबांनी पेपर तोंडासमोर धरला. कोर्टात त्यांनी स्वतः किती जणांना 'पुढची तारीख' म्हणून सांगितलं होतं, ते कदाचित त्यांना आठवलं असेल.

त्या सगळ्यांत एक म्हातारा खासदार तिचा लाडका झाला. कुठल्या राज्याचा, कुठल्या पक्षाचा, तिला ठाऊक नव्हतं. सुरकुतलेला, सारखा खोकणारा. तो उठून म्हणाला होता, "गरीब आदमी की ज़बान भी ज़मानत है." आणि मग खोकला. बस्स, तेवढ्यावर हुस्नाबीनं त्याला आपलं मानलं. नमाजात ती बशीरसाठी दुआ मागायची, आणि त्याच्या मागोमाग त्या म्हाताऱ्याच्या घशासाठी. घसा बसला आणि बोलायचं राहून गेलं तर?

अखेर वैशाखातल्या एका दुपारी विधेयक मतदानाला आलं. बाहेर पारा चढलेला, कुलरचं पाणी संपलेलं. नाझरसाहेब तोंडावर पेपर घेऊन घोरत होते. टीव्हीत उंच खुर्चीवर बसलेल्यानं विचारलं, सगळ्यांनी 'हाँ' म्हटलं, आणि बाकं धडाधड वाजली.

"झालं काय, शीलाबाई?"

"मंजूर झालं म्हणतात गं!" शीलाबाईही हरखल्या. त्यांनी तिच्या हातावर साखर ठेवली.

तिथं नाझरसाहेब जागे असते तर पुढचं टळलं असतं. पण दुपारच्या झोपेतून उठवलेलं त्यांना चालत नसे, आणि ही बातमी बशीरच्या रजईला सांगितल्याशिवाय हुस्नाबीला दम निघत नव्हता. ती भर उन्हात चटचट पाय उचलत घरी आली. पेटीवरून रजई काढली आणि सर्रकन उसवली. हिशेब तिच्या दृष्टीनं सरळ होता. दिल्लीत हो म्हटलं; आता जेलाचं दार उघडणार; सहाच्या गाडीनं तो येणार. धनुकली नाही तर नाही, तो बोटांनी कापूस मोकळा करेल, ती भरेल, आणि दिवस मावळायच्या आत रजई शिवून होईल. उसवण्यात वेळ जायला नको, म्हणून तिनं आधीच उसवून ठेवली. खोळ धुऊन दोरीवर टाकली. ती त्या उन्हात बघता बघता वाळली.

"वैशाखात रजई उसवते काय व कोनी?" समोरची मानीबाई दारातून ओरडली.

"ज्याची हाय थो येऊन राह्यला!" हुस्नाबीनं सांगितलं.

रुबीनाला नवे कपडे घालून ती स्टँडवर गेली. सहाची गाडी आली, रिकामी झाली. मागची आली, तीही रिकामी झाली. प्रत्येक उतरणाऱ्या पुरुषाच्या खांद्याकडे ती बघत होती. धनुकली मालखान्यात आहे हे माहीत असूनही नजर तिथंच जात होती. दिवस मावळला. घरी कापूस उघडा पडला होता.

दुसऱ्या दिवशी नाझरसाहेबांनी चष्मा पुसत समजावलं. एका सभागृहाचं झालं की दुसऱ्याचं. मग राष्ट्रपतींची सही. मग राजपत्र. मग कायदा कधीपासून लागू, त्याची वेगळी तारीख. वर्षही लागेल.

"मंग थे बाकं कायले वाजवले त्यायनं?" हुस्नाबीनं विचारलं.

नाझरसाहेबांनी चष्मा पुन्हा पुसायला घेतला.

आता शहाणपण कशात होतं? गठळ्यांसकट कापूस खोळीत कोंबून शिवून टाकण्यात. मानीबाईनं तेच सांगितलं. हुस्नाबीनं दाभणीत दोरा ओवलाही. पण पहिला टाका घालायला हात चालेना. शिवली म्हणजे तो आज येत नाही हे आपल्याच हातानं कबूल केल्यासारखं होतं, आणि तेवढं कबूल करायला ती तयार नव्हती. तिनं कापसावर आपली जुनी ओढणी टाकली आणि ढीग कोपऱ्यात राहू दिला. वारा सुटला की पुंजके घरभर उडत. रुबीना ते वेचून परत ओढणीखाली सारायची. पावसाळा गेला, हिवाळा आला. 'वैशाखातली रजई' ही गल्लीत थट्टा झाली. हुस्नाबी थट्टेला भीक घालणारी नव्हती. तिला वेगळीच भीती खाई: आपण रीत मोडली म्हणून तर तो अडकून राहिला नसेल? आणि तरीही शिवून टाकायची तिची छाती होत नव्हती. दोन्हीकडून तीच कापली जात होती.

कायदा लागू झाला तेव्हा नाझरसाहेब पेपर घेऊन स्वतः पिंजार गल्लीत आले. जन्मात पहिल्यांदा. त्यांनीच अर्ज लिहिला. त्यानंतरही कागद इकडून तिकडे फिरत राहिले. पण अखेर कोर्टानं बशीरला विचारलं, तारखांना हजर राहशील का? तो म्हणाला, राहीन. तेवढ्यावर त्याचा अंगठा घेऊन त्याला सोडायचं ठरलं. सोडणार कधी, हे मात्र घरी कुणी कळवलं नाही. हुस्नाबी रोज सहाच्या गाडीला उभी राहू लागली.

आणि तो आला दुपारच्या गाडीनं.

ती ओट्यावर कुणाची तरी गादी शिवत होती. समोर चपला थांबल्या. तिनं वर पाहिलं. बशीर वाळून काटकी झाला होता. डोकं, भुवया, दाढी, सगळं पांढरं. ती उठली आणि पूर्वी रोज संध्याकाळी झटकायची तसा त्याच्या केसांतला कापूस झटकायला लागली. दोनदा झटकला. तो जाईना. तेव्हा कुठं तिला कळलं की हा कापूस नाही.

"तुनं खरंच मेंदी लावली," बशीर म्हणाला.

तिनं त्याला पाणी आणून दिलं. रुबीना शाळेतून आली आणि खांबाला धरून परक्यासारखी उभी राहिली. बशीरनं तिला हाक मारली नाही. नुसता बघत बसला. मग पाणी पिऊन तो आत गेला, आणि कोपऱ्यातली ओढणी त्याला दिसली. त्यानं ती उचलली. पिंजाऱ्याच्या घरात उघडा कापूस!

"माही रजई हाय ना हे? कधी उसवली?"

"मागच्या वैशाखात," ती खाली बघून म्हणाली. "दिल्लीत बाकं वाजले तवा. मले वाटलं, तुमी सहाच्या गाडीनं येऊन राह्यले."

बशीरनं एक गठळी उचलून बोटांत दाबून पाहिली. मग त्याच्या गालाच्या सुरकुत्या हलल्या.

"तरीच," तो म्हणाला. "मागच्या वैशाखापासून तिथं डोळ्याले डोळा नाही लागला माह्या. मी म्हनो, झालं तरी काय एकाएकी. आता समजलं काहून."

तो थट्टा करत होता की खरं सांगत होता, हे हुस्नाबीला अखेरपर्यंत कळलं नाही. ती हसली, आणि हसता हसता हमसून रडायला लागली. इतक्या वर्षांचं सगळं त्या एका रडण्यात निघालं. त्यानं तिला रडू दिलं.

"उठ," मग तो म्हणाला. "दिवस हाय अजून."

तो ढिगापुढे मांडी घालून बसला आणि बोटांनी गठळ्या सोडवू लागला. धनुकली अजून मालखान्यातच होती. खटला संपेपर्यंत ती सुटणार नव्हती. माणसासारखा कुणाला द्यायला धनुकलीजवळ शब्द नव्हता. हात चालू लागले तसं बशीरचं तोंडही चालू लागलं, त्याच्या नकळत. ओठ मिटून, नाकातून: तुंई... तुंई...

खांबाजवळची रुबीना एकेक पाऊल पुढे आली. "अम्मी, हा काय थो आवाज?"

हुस्नाबीनं मान हलवली. पोरगी बापासमोर बसली, आणि त्यानं एक गठळी तिच्या हातात दिली.

समोरून मानीबाई ओरडली, "धनुकली सुटली काय व, हुस्नाबी?"

"धनुकली नाही सुटली, मानीबाई," हुस्नाबीनं ओरडून सांगितलं, "धनुकलीवाला सुटला!"

कापूस खोळीत भरला, ओट्यावर अंथरला, आणि हुस्नाबी धावदोरा घालू लागली. बशीर कापूस सारखा करत रजईच्या एका कडेला कलला तो कललाच. गुणगुणणं मध्येच तुटलं. तो झोपला होता, लहान पोरासारखा, तोंड उघडं टाकून. ऊन समोरच्या कौलांवर चढलं होतं. ती त्याच्या खांद्याला वळसा घालत, हाताखालून, पायापाशी, एकेक टाका टाकत गेली. पुढच्या महिन्यात तारीख होती. त्या दिवशी त्याला जावं लागणार होतं, तो शब्द देऊन आला होता.

उजेड असतानाच तिनं शेवटची गाठ मारली. दोरा तोडायला दात लावावा तर तो जागा होईल. म्हणून तिनं दोरा तोडला नाही. दाभण तशीच रजईला लटकत ठेवली आणि दिवस मावळून अंधार पडला तरी ती त्याच्याजवळ बसून राहिली.